सी यूप कून मंदिर, मुंबई
सी यूप कून मंदिर, मुंबई : मुंबईच्या माझगाव विभागातील चिनी मंदिर व चिनी समाजाची संस्थावास्तू. नवाब टँक मार्गावर, हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच ती उभी आहे. ती १९१९ मध्ये बांधण्यात आली. मुंबईतील एकमेव चिनी मंदिर म्हणून ती ओळखली जाते. बाहेरून सामान्य राहत्या घरासारख्या दिसणाऱ्या या इमारतीत मंदिर, धर्मशाळा व ज्ञातिसंस्था या तिन्हींचा संगम झालेला होता. माझगाव व कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीट या भागांत एके काळी नांदत असलेली चिनी वस्ती, म्हणजे मुंबईचे ‘चायना टाउन’, आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. तिच्या ज्या थोड्या खुणा उरल्या आहेत, त्यांपैकी ही सर्वांत महत्त्वाची होय.

नाव : ‘सी यूप’ हा कँटनी बोलीतील शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ ‘चार परगणे’ असा होतो. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग (ग्वांगडोंग) प्रांतात, पर्ल नदीच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेस असलेले शिन्हुई, ताइशान, काइपिंग व एन्पिंग हे ते चार परगणे. ‘कून’ म्हणजे सभागृह किंवा संस्थेचे घर. त्यामुळे या नावाचा सरळ अर्थ ‘चार परगण्यांच्या लोकांचे सभागृह’ असा होतो. नावात देवतेचा उल्लेख नाही, मूळ प्रदेशाचा आहे. यावरून वास्तूचा मूळ हेतू स्पष्ट होतो. परगावी गेलेल्या एका मुलखाच्या लोकांनी परस्परांच्या आधारासाठी उभारलेले हे घर असून देवता ही त्या घराची अधिष्ठात्री आहे.

चीनमध्ये अशा प्रादेशिक मंडळांची परंपरा जुनी आहे. व्यापार वा नोकरीनिमित्त परप्रांतात राहणारे लोक आपल्या मुलखाचे मंडळ स्थापन करीत. नवागतास निवारा देणे, काम मिळवून देणे, गावाकडील पत्रे व पैसे पोहोचविणे, आपसांतील तंटे मिटविणे, आजाऱ्याची शुश्रूषा व मृताचे अंत्यसंस्कार करणे ही कामे अशी मंडळे करीत. मुंबईच्या गिरणगावात कोकण व घाटावरील कामगारांनी चालविलेल्या गावकीच्या खोल्यांशी या पद्धतीचे बरेच साम्य आहे. चार परगण्यांतील लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फार मोठ्या संख्येने देशांतरास गेले. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधापासून (१८४८) तेथील खाणींत व पुढे अमेरिकेच्या लोहमार्गांच्या बांधकामावर काम करणाऱ्या चिनी मजुरांत त्यांचे प्रमाण मोठे होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न व सिडनी येथे याच नावाची मंदिरे आहेत. कलकत्त्याच्या टिरेटा बाजारातही याच मुलखाच्या लोकांचे मंदिर आहे. मुंबईची वास्तू या जगभर विखुरलेल्या साखळीतील एक दुवा होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई व कँटन यांचा सागरी संबंध अठराव्या शतकापासून घट्ट झाला. मुंबईहून कापूस व पुढे माळव्यातील अफू चीनला जाई; तिकडून चहा, रेशीम, साखर व चिनी मातीची भांडी येत. पारशी व्यापाऱ्यांनी या व्यापारात पुढाकार घेतला. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या सफरी करून आपल्या संपत्तीचा पाया घातला. पारशी स्त्रियांच्या ‘गारा’ साड्यांवरील भरतकाम हे याच दळणवळणाचे फळ होय. पहिल्या अफूच्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला, ती नौका मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी लाकडात बांधलेली होती (१८१३). या तहाने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले व चिनी बंदरे परकीय व्यापारास खुली झाली. दक्षिण चीनमधून मजूर व खलाशी यांचे जे देशांतर पुढे झाले, त्यास हीच बंदरे कारणीभूत ठरली.

या व्यापाराचा संबंध महाराष्ट्राच्या अंतर्भागाशीही येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसास मोठी मागणी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडमार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यानंतर खामगाव, अमरावती, अकोला इ. बाजारपेठांतील कापूस मुंबईच्या बंदरात व गिरण्यांत येऊ लागला. १८७० नंतर मुंबईच्या गिरण्यांतील जाड्याभरड्या सुताची मोठी गिऱ्हाइकी चीनमध्येच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी सुताची स्पर्धा सुरू होईपर्यंत ही स्थिती टिकली. माझगावच्या धक्क्यांवर उतरणारे चिनी खलाशी या मालवाहतुकीच्या मार्गानेच येत.

महाराष्ट्रात आलेले सर्वच चिनी लोक स्वेच्छेने आले, असे मात्र नाही. आग्नेय आशियातील ब्रिटिश वसाहतींत शिक्षा झालेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी महाबळेश्वर येथे १८३४ च्या सुमारास तुरुंग बांधण्यात आला व तो १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांनी तेथे बटाटे व विलायती भाज्यांची लागवड वाढविली. महाबळेश्वरच्या एका धबधब्यास अद्याप ‘चायनामन’ हे नाव आहे. कैद्यांची ही वसाहत व मुंबईतील चिनी वस्ती यांचे स्वरूप भिन्न होते. मुंबईची वस्ती बंदर व व्यापार यांच्या आधाराने वाढली.

चिनी वस्ती : माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. येथील गोदीचा प्रारंभ १७७४ मध्ये झाला. वाफेच्या जहाजांच्या काळात या परिसराचे महत्त्व वाढले. ब्रिटिश आगबोट कंपन्या खलाशी, सुतार, आचारी इ. कामांवर चिनी लोकांना ठेवीत. बोट दुरुस्तीसाठी वा मालाच्या चढउतारासाठी बंदरात थांबली की त्यांना काही दिवस, कधी काही आठवडे शहरात काढावे लागत. भाषा अपरिचित, खाणे निराळे आणि ओळखीचे माणूस नाही, अशा स्थितीत त्यांना आपल्या लोकांच्या घराची गरज असे. ज्यांनी बोट सोडली ते गोदीजवळच स्थिरावले. अशा प्रकारे माझगाव, नागपाडा व कामाठीपुरा या पट्ट्यात चिनी कुटुंबे वाढत गेली.

चिनी समाज अंतर्गत एकजिनसी नव्हता. प्रांत, बोली व धंदा यांनुसार त्याचे गट पडत. कँटनी लोक सुतारकाम, जहाजावरील कामे व खाद्यगृहे यांत होते. हूपे प्रांतातून आलेल्या कुटुंबांत दात बसविण्याचा धंदा परंपरेने चाले. शांतुंगकडील फेरीवाले रेशमी कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार हिंडत. यांशिवाय पादत्राणे तयार करणे, कपडे धुणे व पुढील काळात केशरचनागृहे चालविणे हे व्यवसायही चिनी लोकांनी केले. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर व पुढे तेथील यादवी युद्धामुळे अनेकांना परतण्याची वाट उरली नाही. त्यामुळे तात्पुरत्या मुक्कामाची ही वस्ती कायम घरांची वस्ती झाली.

वास्तू : सी यूप कूनची इमारत लहान व साधी आहे. वर वळलेल्या कोपऱ्यांचे छप्पर, कोरीव कमानी वा प्रशस्त प्रांगण ही चिनी मंदिरांची सर्वपरिचित लक्षणे येथे नाहीत. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या रांगेत ती सहज मिसळून जाते. लाल रंगाचा मुक्त वापर व चिनी अक्षरे यांमुळेच तिचे वेगळेपण जाणवते. लाल हा चिनी परंपरेत मांगल्याचा व सौभाग्याचा रंग मानला जातो. तळमजल्यावर क्वान यिन या देवीचे स्थान असून जिन्याने वर गेल्यावर क्वान कुंगचे मुख्य देवस्थान लागते. पूर्वी खालच्या भागाचा उपयोग खलाशांच्या विश्रांतीसाठी व मुक्कामासाठी होत असे. वर देव व खाली पांथस्थ, अशी ही रचना होती.

या साधेपणाची तुलना चार परगण्यांतील मूळ वास्तूंशी करता येते. काइपिंग परगण्यात परदेशी गेलेल्यांनी पाठविलेल्या पैशांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकमजली बुरूजवजा घरे उभी राहिली. चिनी व पाश्चात्त्य शैलींचे मिश्रण असलेल्या या घरांचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समावेश झाला. देशांतर करणाऱ्यांनी वैभव दाखविले ते आपल्या गावी; परक्या बंदरात मात्र गरजेपुरतीच वास्तू उभारली. मुंबईतील हे मंदिर दुसऱ्या प्रकारात मोडते.

देवता : क्वान कुंग (उत्तर चिनी उच्चार ग्वान गुंग) ही ऐतिहासिक पुरुषापासून घडलेली देवता होय. ग्वान यू नावाचा हा सेनानी हान राजवटीच्या अखेरच्या काळात होऊन गेला व इ. स. २२० च्या सुमारास शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. लियू बेई व जांग फेई या दोघांशी त्याने केलेल्या बंधुत्वाच्या शपथेची कथा चीनमध्ये सर्वतोमुखी आहे. तीन राज्यांच्या काळावरील चौदाव्या शतकातील प्रसिद्ध कादंबरीने ती अधिकच लोकप्रिय केली. तांबडा चेहरा, लांब दाढी व हाती लांब दांड्याचे पाते असे त्याचे रूप रंगविण्यात येते. शौर्य, न्याय व दिलेल्या शब्दाची निष्ठा हे त्याचे गुण मानले जातात. सैनिकांप्रमाणे व्यापारीही त्याची उपासना करतात. परमुलखात व्यवहार लेखी करारापेक्षा शब्दावर अधिक चालत. रक्ताचे नाते नसलेल्या माणसांना शपथेने भाऊ बनविणारा देव देशांतर केलेल्यांना जवळचा वाटावा, हे स्वाभाविक होय. परदेशांतील चिनी वस्त्यांत त्याची मंदिरे जागोजाग आढळतात, त्याचे कारण हेच.

क्वान यिन ही करुणेची देवता असून तिचे मूळ भारतीय आहे. बौद्ध धर्माच्या महायान पंथातील अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचेच ते चिनी रूप होय. कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चिनी अनुवाद इ. स. ४०६ मध्ये केला. त्यातील एका अध्यायात अग्नी, जलप्रलय, चोर इ. संकटांत या बोधिसत्त्वाचा धावा केल्यास तो रक्षण करतो, असे सांगितले आहे. चीनमध्ये सु. दहाव्या शतकानंतर या देवतेस हळूहळू स्त्रीरूप प्राप्त झाले. दक्षिण किनाऱ्यावरील खलाशी व कोळी तिला संकटनिवारक म्हणून भजू लागले.

याच श्रद्धेची शिल्पे महाराष्ट्रातील लेण्यांत आधीच कोरली गेली होती. मुंबई बेटांच्या उत्तरेस असलेल्या कान्हेरी येथील क्र. ९० च्या लेण्यात, तसेच औरंगाबाद लेण्यांतील क्र. ७ मध्ये अवलोकितेश्वराच्या मूर्तीभोवती संकटांची दृश्ये असून त्यांत बुडत्या नौकेचेही दृश्य आहे. कान्हेरी हे सोपारा व कल्याण या प्राचीन बंदरांच्या परिसरातील विहारस्थान. तेथे दाने देणाऱ्यांत व्यापारीही होते. अशा रीतीने, एकाच महानगराच्या सीमेत या देवतेची दोन रूपे आढळतात. एक प्राचीन नाविकांचे, दगडात कोरलेले. दुसरे अनेक शतकांनी सागरमार्गे चीनहून परतलेले. त्यांच्या उपासकांना परस्परांची माहिती नव्हती. दोघांची प्रार्थना मात्र समुद्रावरील सुखरूप प्रवासाचीच होती.

उपासना व सण : मंदिरात उदबत्त्या लावून, फळे व मिठाई अर्पण करून पूजा करतात. भविष्य विचारण्याची एक पद्धत येथे पाळली जाते. बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या ठेवलेल्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडे हलविल्यावर जी काडी बाहेर पडेल, तिच्या क्रमांकाच्या चिठ्ठीवरील मजकूर हा देवतेचा निर्णय समजतात. कोकणातील देवळांत कौल लावण्याच्या प्रथेशी याचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. चिठ्ठ्यांवरील मजकूर जुन्या चिनी वळणाचा असल्याने त्याचा अर्थ सांगणारी जाणती व्यक्ती लागते.

चांद्रमानानुसार जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येणारे नववर्ष हा मुख्य सण. त्याच्या पूर्वसंध्येस शहराच्या विविध भागांत विखुरलेली कुटुंबे मंदिरात जमतात. लाल कंदील, सिंहनृत्य व मुलांना लाल पाकिटांतून पैसे देणे ही या सणाची वैशिष्ट्ये. शरद ऋतूतील पौर्णिमेचा चंद्रोत्सव बहुधा भाद्रपद पौर्णिमेस येतो. एप्रिलच्या आरंभी येणारा छिंगमिंग हा पितरांच्या स्मरणाचा दिवस असून त्या दिवशी अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमीत जाऊन थडगी झाडून स्वच्छ करण्यात येतात. मंदिर व दफनभूमी या दोन जागांनीच आता मुंबईतील चिनी समाजाचे सामूहिक जीवन बांधून ठेवले आहे. अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे. तरीही पितरांचा दिवस व नववर्ष यांस ती अंतरली नाहीत.

१९६२ नंतर : २० ऑक्टोबर १९६२ रोजी भारत–चीन सीमेवर युद्ध सुरू झाले व २१ नोव्हेंबर रोजी थांबले. एका महिन्याच्या या युद्धाचे परिणाम भारतातील चिनी वस्तीवर कायमचे झाले. भारत संरक्षण कायदा व परकीयांसंबंधीचे सुधारित कायदे यांच्या आधारे देशभरातून सु. ३,००० जणांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत आसाम व बंगालमधील कुटुंबे अधिक होती. छावणीतील अखेरचे लोक १९६७ मध्ये सुटले. इतर अनेकांवर पोलिसांकडे नियमित हजेरी देण्याचे व परवानगीवाचून गाव न सोडण्याचे निर्बंध आले. येथेच जन्मलेल्या व दुसरा देश न पाहिलेल्या व्यक्तीही केवळ वंशावरून परकीय ठरल्या. धंदे मोडले, ओळखीपाळखी तुटल्या. मुंबईतीलही पुष्कळ कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग इ. ठिकाणी निघून गेली.

मंदिर उभारणाऱ्या चार परगण्यांच्या गटाचेही असेच झाले. जे मागे राहिले, त्यांनी देवस्थानाची देखभाल चालू ठेवली. येथे एक महत्त्वाचा बदल घडून आला. मूळ वास्तू एका विशिष्ट मुलखाच्या लोकांची होती. संख्या घटल्यानंतर प्रांत व बोली यांचे जुने भेद मागे पडले आणि ती मुंबईतील सर्वच चिनी कुटुंबांची झाली. गोदीतील कामाचे स्वरूप पालटले, चिनी खलाशी येईनासे झाले आणि धर्मशाळेचा उपयोगही संपला. ज्या गरजेतून वास्तू निर्माण झाली ती गरज उरली नाही. उरली ती देवता व वर्षातून काही दिवसांचे एकत्र येणे.

सांस्कृतिक महत्त्व व जतन : चिनी संपर्काच्या अनेक खुणा मराठी जीवनात इतक्या मुरल्या आहेत, की त्यांचे परकेपण जाणवत नाही. चहा हा शब्द व पेय, लोणच्यासाठी वापरली जाणारी चिनी मातीची बरणी ही त्यांची उदाहरणे. १९७० नंतरच्या दशकांत मुंबईच्या चिनी खाद्यगृहांत येथील रुचीनुसार नवे पदार्थ घडले. ‘मांचुरियन’ हे नाव मिळालेला पदार्थ त्यांतलाच असून तो मांचुरियात नव्हे, तर मुंबईत जन्मला. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपर्यंत ‘चायनीज’च्या गाड्या पोहोचल्या आहेत. ज्या समाजाकडून हे खाणे आले, तो मात्र मुंबईतही अनेकांस अपरिचित राहिला आहे.

बृहन्मुंबईसाठी वारसावास्तूंच्या जतनाचे विनियम १९९५ मध्ये करण्यात आले. अशा प्रयत्नांत लोकांचे लक्ष प्रथम भव्य शासकीय इमारती, चर्च, राजवाडे यांच्याकडे जाते. सी यूप कूनसारख्या वास्तूचे मूल्य तिच्या दगडाविटांत थोडे व तिच्या वापरात अधिक आहे. भिंती जशाच्या तशा राहिल्या, पण चिठ्ठीवरील अक्षरे वाचणारे व नववर्षास दार उघडणारे कोणी उरले नाही, तर तिचा अर्थ हरवेल. उलटपक्षी, इमारत गेली तर विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र येण्यास जागा राहणार नाही. माझगाव परिसरातील जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे उभे राहत असल्याने हा प्रश्न अधिक निकडीचा बनला आहे. शिलालेख, नोंदवह्या, छायाचित्रे व वृद्धांच्या आठवणी यांची मराठीत व इतर भाषांत पद्धतशीर नोंद करणे, हे इमारतीच्या डागडुजीइतकेच आवश्यक आहे. १९१९ मध्ये परगण्यातल्या माणसांना परक्या शहरात पाठ टेकण्यास जागा मिळावी म्हणून उभारलेले हे घर शंभराहून अधिक वर्षांनंतरही पूजेखाली आहे आणि नववर्षाच्या रात्री अद्याप भरते.